पाचहात्याची पंगत

सलग बावीस दिवस मी एका प्राण्याच्या पाच हातांना पाच तोंडं समजून जेवू घातलं.

तेही दिवसातून दोनदा. दुपारी पाच घास, दिवेलागणीला पाच घास. बायको जाताना फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून गेली होती. तिच्यात अंगणवाडीतल्या पोरांना वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं होतं : "आठवड्यातून दोनदा. हरभऱ्याएवढा तुकडा. एकच." ती चिठ्ठी मी रोज वाचत होतो. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडायचो, तेव्हा ती नाकासमोरच यायची. 'एकच' म्हणजे एका तोंडाला एकच, असा अर्थ मी लावला. आणि 'आठवड्यातून दोनदा' हे वाचून मला बायकोचीच लाज वाटली. आपल्या घरी राहणाऱ्या जिवाला आठवड्यातून दोनदा जेवण? शेजाऱ्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?

प्राणी म्हणजे ब्रिटल स्टार. मधे जुन्या रुपयाएवढी चकती, आणि तिच्यातून निघालेले पाच लांब, बारीक, पट्ट्यापट्ट्यांचे हात. सापाच्या पिल्लांनी एकमेकांच्या शेपट्या धरून गोल बसावं तसा दिसतो. मराठीत त्याला ठिसूळ तारा म्हणता येईल, पण आमच्या मुकुटबन गावात ठिसूळ असतं ते फक्त चहात बुडवलेलं बिस्कीट. बायको त्याला पाचहात्या म्हणते. तो समुद्रातला आहे आणि आमच्या बैठकीत, टीव्हीच्या जागी ठेवलेल्या काचेच्या टाकीत राहतो. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. मी कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही.

समुद्र गाठायचा तर आमच्याकडून एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसावं लागतं. मी अजून बसलेलो नाही. बायकोही नाही. दहा वर्षांपूर्वी ती तिच्या वडलांचे डोळे दाखवायला नागपूरला गेली, आणि डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत अशी एक टाकी होती, तिच्यासमोर बसली. नंबर पुकारला, ऐकला नाही. वडील चाचपडत एकटेच आत गेले. त्यानंतर दोन वर्षं ती मोबाईलमध्ये डोकं घालून शिकली, आणि एक दिवस आमच्या दारात खताच्या पोत्यासारखं मिठाचं पोतं उतरलं. कुरिअरवाला म्हणाला, "काकू, हे मीठ कोणत्या पिकाले टाकून राह्यल्या?" गावातले जाणते लोक येऊन टाकीत बोट बुडवायचे आणि चाटायचे. एक म्हातारबुवा चाटून, डोळे मिटून, बराच वेळ विचार करून म्हणाले, "खारं हाय बाप्पा खरंच. वरणात चालन."

मी सुरुवातीला हसायचो. मग एकदा चुनखडीच्या खाणीवरचा एक मुकादम आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर गप्पा मारत बसला होता. त्यानं सहज सांगितलं की ही चुनखडी म्हणजे कोण्या जुन्या समुद्राचा तळ. आपण ज्याच्यावर कापूस पेरतो त्याच्याखाली समुद्र होता. तेव्हापासून मी हसणं कमी केलं. संध्याकाळी टाकीचा निळा दिवा लागायचा, बैठकीच्या भिंती पाण्यासारख्या हलायच्या, बाहेर कपाशीची ओळ काळी पडत जायची, आणि मला वाटायचं, गेलेला समुद्र लाजत लाजत परत आला आहे आणि आमच्या घरी उतरला आहे.

तर ह्या श्रावणात पोरीचं पहिलं बाळंतपण आलं. ती पुण्याला नोकरीला. डॉक्टरनं प्रवास नको म्हणून सांगितलं. पोर माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरच उठून पुण्याला गेलं. माहेर म्हणजे माझी बायको. मी माहेरात धरला जात नाही.

आठ वर्षांत तिनं मला टाकीला हात लावू दिला नव्हता. त्याला कारणं होती, ती इथं सांगण्यासारखी नाहीत. एक सांगतो : साबणानं काच पुसायला गेलतो. पण आता इलाज नव्हता. एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, "अवो, घर कसंही ठेवा. भांडे नाही घासले तरी चालन. पण मी आली की पाचहात्या मले जित्ता दिसला पाहिजे."

"तू काही काळजीच नको करू."

"तुमी असं म्हटलं का मले काळजी लागते," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

मला हे काम जमवून दाखवायचं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही जिवंत सोपवलं होतं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझा मूर्खपणा नुसता मूर्खपणा वाटेल. मी वाढपी आहे. पोटापाण्याला जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, पण पंचक्रोशीतल्या लग्नांत बुंदी वाढायला मलाच बोलावतात. तीस वर्षं झाली. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला की नवखा वाढपी पुढे सरकतो. मुरलेला थांबतो आणि हाताकडे बघतो. बोटं घट्ट जुळवलेली असली तर त्याला खरंच नको आहे. असा हात मी आयुष्यात दोनदा पाहिला. बाकी सगळे हात बोटं फाकवून धरलेले असतात, आणि बुंदी बोटांच्या फटीतून बरोबर पानावर उतरते. पाहुणा "अरे अरे" म्हणतो आणि खातो. आमच्याकडे नको म्हणणाऱ्याचं ऐकणं हा त्याचा अपमान आहे.

आणि आता चातुर्मास. लग्नं बंद. जिनिंगही कापूस येईपर्यंत बंद. घरात बायको नाही. माझ्या उजव्या हाताला नुसती कळ लागली होती, आणि अख्ख्या घरात पाहुणा म्हणावा असा एकच.

पाचहात्या उजेडात दगडाखाली असतो. बायको संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायची, मग टाकीचा दिवा बंद करायची आणि लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून गप्प उभी राहायची. स्वतः अंडंसुद्धा न खाणारी बाई. मला संध्याकाळपर्यंत धीर निघेना. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी बैठकीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दार लोटलं, दिवा मालवला आणि चिमटा घेऊन बसलो.

ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर लख्ख ऊन आणि सोयाबीनवर फवाऱ्याचा पंप चाललेला, आत तळाशी असावा तसा अंधार. गोधडीच्या एका विरलेल्या जागेतून उन्हाची काडी आत आली होती आणि पाण्यात वाकली होती. पंपाचा आवाज हळूहळू पंपाचा राहिला नाही. मला वाटलं मी खाली खाली चाललो आहे, चुनखडी व्हायच्याही आधीच्या तळाशी, आणि तिथं कुणीतरी पान मांडून बसलं आहे. मग दगडाखालून एक हात आला. अगदी सावकाश, टोकानं चाचपत. त्याला डोळे नसतात हे मला माहीत होतं, पण तो हात बरोबर माझ्याकडे वळला आणि टोक वर उचललं गेलं. हात पसरून मागणं म्हणतात ते हेच. मी तुकडा दिला. हातानं त्याला विळखा घातला आणि तो आत गेला. दुसऱ्या बाजूनं दुसरा हात आला. मला वाटलं, हा दुसरा. ह्याला नाही मिळालं. तुकडा दिला. मग तिसरा.

पाचही हातांचं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणाला सांगू नका.

पुढच्या आठवड्यात हात पूर्वीसारखे पुढे येईनात. तुकडा टेकवला की टोक आखडून बाजूला व्हायचं. मी नीट निरखून पाहिलं : टोकाशी असतात ते बारीक काटे फाकलेले होते. म्हणजे बोटं फाकलेली! म्हणजे संकोच. "होऊ द्या, होऊ द्या," मी काचेला म्हणालो, आणि तुकडा हाताखाली सरकवला. तुकडा रेतीवर पडून राहायचा. मी म्हणायचो, खाईल सावकाश, आपण बघत बसलो की लाजतो. आणि संध्याकाळी नवीन वाढायचो, कारण शिळं कसं द्यायचं?

बायकोनं तीन महिन्यांची कोळंबी बर्फाच्या खणात ठेवली होती. ती चार दिवसही पुरली नाही. मग मी वणीच्या बाजारात झिंगे, म्हणजे कोळंबीच, आणायला गेलो. तिथं मासे विकणारी बाई मला ओळखत नव्हती, हे एक बरं.

"किती देऊ, भाऊ?"

"अर्धा किलो."

"किती माणसं जेवाले?"

"एकच हाय."

"एका माणसाले अर्धा किलो झिंगे?"

"माणूस नाही जी. त्याले पाच हात हायेत."

तिनं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडे चांगलं पाहिलं. "घरची बाई गावाले गेली वाटते," ती म्हणाली, आणि झिंगे तोलून दिले.

तिकडून फोन यायचा. बायको पोरीचं सगळं सांगून झालं की विचारायची, "पाचहात्या कसा हाय?"

"मजेत. पोटभर जेवते."

"दोनदाच देता नं?"

"दोनदाच," मी म्हणायचो. हे खोटं नव्हतं. दिवसातून दोनदा की आठवड्यातून, हे तिनं विचारलं नव्हतं.

पाणी आधी निळं होतं, मग काचेवर वाफ धरावी तसं झालं, मग पातळ ताकासारखं. बैठकीत पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांचा वास यायला लागला. मी उदबत्ती लावली. बाविसाव्या दिवशी दुपारी गोधड्या टांगून बसलो, तर पाचहात्या दगडाखाली नव्हता. उघड्यावर, रेतीवर, चारी दिशांना पसरून पडला होता. चार दिशांनाच. पाचवा हात टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता. एकटा. आणि तो वळवळत होता.

मी काय केलं असेल? मी त्या एकट्या हाताला एक तुकडा दिला.

त्यानं घेतला नाही. मी चिमटा धरून बसलो होतो. तेवढ्यात पाचहात्याचा आणखी एक हात मधोमध, आवाज न करता, नुसता सुटला. तोडला कुणी नाही, ओढला कुणी नाही. ओला दोर तुटावा तसा वेगळा झाला. मी गोधड्या काढल्या. लख्ख उजेड आला आणि मला टाकी दिसली : रेतीभर पांढरे, फुगलेले, बुरशी आलेले तुकडे. लग्न उठल्यावर मांडवात असतं तसं. तिला काय तोंड दाखवू, ह्याचा विचार नंतर आला. आधी वाटलं की हा मेला तर तळाशी कोणीच राहणार नाही.

फोन मी लावला नाही. संध्याकाळी तिचाच आला, आणि तोही व्हिडिओ.

"टाकी दाखवा."

मी फोन फिरवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. मग छत.

"अवो, तिथी नाही पाह्यची मले. टाकी."

पोर मागून म्हणाली, "बाबा, खरं सांगा, काय केलं?"

मी टाकी दाखवली. मग मी सगळं सांगितलं. पाच घास, दोन वेळा, झिंगे, संकोच. पोर आधी हसली, मग पोट धरून हसली, मग बायको तिच्यावर ओरडली, "हसू नको वो, नववा भरत आला तुले!" आणि मग माझ्याकडे वळली.

"पाच तोंडं? कोणं सांगतलं तुमाले पाच तोंडं?"

"प्रत्येक हात वेगळा येते नं मागाले..."

"तुमाले दोन हात हायेत. दोन तोंडं हायेत काय? तोंड एकच हाय त्याले, पोटाखाली. कोणत्याही हातानं घेतलं तरी तिथंच जाते. अन् घेतलेलं पचाले त्याले दोन-तीन दिवस लागते. बाकी पडलं ते सडते, पाणी नासते, अन् पाणी नासलं का तो हात टाकून देते. जीव वाचवाले."

"आता?"

"आता आठ दिवस काही नाही द्यायचं. नळी लावून तळ साफ करा. रोज दोन बादल्या पाणी काढा, दोन नवं घाला. मीठ आदल्या दिवशी कालवून ठेवायचं. काटा पाहूनच घालायचं, अंदाजानं नाही." मग ती म्हणाली, "काटा तरी पाहता येते नं तुमाले?"

काटा पाहता येतो. आयुष्यभर तेच केलं आहे. खारटपणा मोजायच्या त्या लहानशा काचेच्या डबीतला काटा रेघेवर येईपर्यंत मी चिमटीचिमटीनं मीठ टाकत बसलो, गाडीभर कापसाला कधी दिलं नसेल इतकं लक्ष देऊन. दोन बादल्या बाहेर, दोन आत. पाणी ताकाचं निवळीवर आलं, निवळीचं काचेवर.

पण खरं काम ते नव्हतं. खरं काम होतं न वाढणं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गोधड्या टांगून बसलो, तेव्हा पाचहात्या दगडाखाली गेला आणि त्यानं एक हात बाहेर काढला. टोक वर. माझ्याकडे. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. खुर्चीवर बसून, उन्हातल्या अंधारात, एक माणूस आणि एक हात एकमेकांकडे बघत होते. मला तीस वर्षांतले सगळे आडवे हात आठवले. त्या गप्प, घामेजलेल्या पाहुण्यांपैकी कितीजणांना खरोखरच नको असेल, आणि मी बोटांच्या फटीतून बुंदी सोडत गेलो. त्या हातानं थोडा वेळ पाणी चाचपलं, कशाचाच वास लागला नाही तसा तो खाली झाला, आणि रेतीवर निवांत पडून राहिला. त्याला काही कमी नव्हतं. मागत होता असं मलाच वाटत होतं. तो नुसता पाणी वाचत होता, आपण दारात उभं राहून हवा बघतो तसा.

त्यानंतर मी गोधड्या टांगायचो ते नुसतं बसायला. चिमटा स्वयंपाकघरात. कधी डोळा लागायचा, कधी लागायचा नाही, आणि दोन्हीत फार फरक नसायचा. ट्रक चुनखडी घेऊन रस्त्यानं जायचे, काच किंचित थरथरायची, पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. समुद्राचा जुना तळ नव्या समुद्राच्या दारावरून चालला आहे असं काहीतरी डोक्यात यायचं आणि विरघळून जायचं.

आठव्या दिवशी पाचहात्या काचेवर चढला. पाठ पलीकडे, पोट माझ्याकडे. तेव्हा मला ते तोंड दिसलं. बरोबर मधोमध, एकच, आणि तेही चांदणीसारखं : पाच कोपऱ्यांचं, पाच बारीक जबड्यांचं, मिटलेलं. मी काचेला नाक लावून इतका वेळ पाहिलं की श्वासानं काच धुरकटली, पुसली, पुन्हा पाहिलं. बावीस दिवस मी ज्याला पाच पाहुणे समजत होतो तो एकटाच होता. आणि जिथून हात सुटले होते तिथं, दोन्ही जागी, शेवयाएवढं काहीतरी फुटलं होतं. फिक्कं. हलत होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला विचारून हरभऱ्याएवढा तुकडा दिला. कोणत्या हाताला द्यायचा ह्यावर बराच विचार केला, मग लक्षात आलं की त्यानं काही बिघडत नाही.

पोरीला मुलगा झाला. पोळा गेला, गणपती गेले, पाचहात्याचे दोन हात बोटभर झाले, बाकीच्या तिघांच्या मानानं केविलवाणे, पण हात. मी आठवड्यातून दोनदाच देत होतो, आणि दिलं की चिठ्ठीवर बरोबरची खूण करून यायचो, कुणीतरी तपासणार असल्यासारखा. बायको पोरीला आणि दीड महिन्याच्या नातवाला घेऊन गाडीनं आली, तेव्हा मी घर झाडून, भांडी घासून, नवा सदरा घालून दारात उभा होतो.

बायको उतरली ती चप्पल घालूनच बैठकीत गेली. टाकीसमोर वाकली. पाचहात्या दगडाखाली होता, दोन हात बाहेर. एक लांब, एक आखूड. त्यातला आखूड तिनं बराच वेळ पाहिला. काट्याची डबी उचलली, काटा पाहिला, ठेवून दिली. जिवंत तर होता. मला वाटलं, सुटलो.

पोर दारात उभी होती, बाळ दुपट्यात. मला इतकं बरं वाटत होतं की मी सरळ पुढे गेलो आणि दोन्ही हात पसरले.

"आण माय, दे इकडं. मी घेतो त्याले."

पोरीनं आईकडे पाहिलं. बायको टाकीपासून उठली, मधे आली, आणि बाळ स्वतःकडे घेऊन म्हणाली,

"तुमी दुरूनच पाहा. याले दोनच हात हायेत, अन् ते पुन्हा उगवत नाहीत."